सेपल म्हणजे 'सेपरेट पेटल' का? (आणि फुलातले आणखी चार शब्द)

प्रश्न : नमस्कार. मी शाळेत विज्ञान शिकवते. परवा फुलाचे भाग शिकवताना एका मुलीने विचारलं की पेटल (पाकळी) आणि सेपल (पाकळ्यांच्या खालचं हिरवं दल) हे शब्द इतके सारखे कसे, एकावरून दुसरा बनवलाय का. मला काही सांगता येईना. घरी येऊन नेटवर शोधलं तर एका डिक्शनरीत 'सेपरेट' अधिक 'पेटल' असं दिलंय आणि दुसरीत ग्रीक 'स्केपे' म्हणजे आवरण, त्यावरून आलाय असं दिलंय. मी दुसऱ्या दिवशी सेपरेटवालं सांगून मोकळी झाले कारण ते लक्षात ठेवायला सोपं, पण आता रुखरुख लागलीये. नक्की खरं कुठलं? आणि पुस्तकात 'निदल' आहे, त्यातला 'नि' कशाचा?

उत्तर : ताई, तुमच्या विद्यार्थिनीचा कान तयार आहे. एकावरून दुसरा बनवलाय हे तिचं म्हणणं अगदी बरोबर, आणि त्यावर दोन्ही डिक्शनऱ्यांचं एकमत आहे. सेपलचं शेपूट पेटलवरूनच घेतलंय, भांडण आहे ते फक्त पुढच्या 'सेप' चं.

आता मुळात हा शब्द लोकांच्या तोंडी घडत घडत आलेला नाही, एका माणसाने तो बसून बनवलाय. नोएल मार्टिन जोसेफ द नेकर नावाचा वैद्य आणि वनस्पतीशास्त्रज्ञ होता, मानहाइमच्या दरबारातला, त्याने १७९० साली लॅटिनमध्ये 'सेपालुम' असा शब्द काढला. म्हणजे जन्मसाल माहीत, बाप माहीत, आणि तरी नावाच्या अर्थावरून वाद! असे वाद सहसा जुन्या शब्दांचे असतात, इथे जेमतेम सव्वादोनशे वर्षांचा शब्द आहे.

नेकरला शब्द बनवावा का लागला ते बघू, कारण उत्तराचा अर्धा भाग तिथेच आहे. फुलाच्या बाहेरचं जे हिरवं कवच असतं त्या सगळ्याला मिळून 'कॅलिक्स' हे नाव आधीपासून होतं. पण त्यातल्या एका सुट्या तुकड्याला नाव नव्हतं. वनस्पतींना शास्त्रीय नावं द्यायची पद्धत घालून देणारा लिनियस त्याला सरळ 'फोलिओलुम' म्हणायचा, म्हणजे छोटं पान. आणि हाच शब्द संयुक्त पानातल्या एकेका पर्णिकेलाही वापरला जायचा, आता वर्णन वाचणाऱ्याने समजायचं काय, की बोलणं फुलाबद्दल चाललंय की पानाबद्दल? ओळीतला आधीचा शब्द बघून अर्थ लावायचा. पाकळीचंही पूर्वी असंच होतं, तिलाही 'फोलियुम' म्हणजे पानच म्हणायचे. तिची सुटका आधी झाली, १७व्या शतकात फाबिओ कोलोना या इटालियन माणसाने ग्रीकमधून 'पेटालोन' शब्द घेऊन पाकळीला लावला आणि पुढे इंग्लंडच्या जॉन रेने तो चांगलाच रुळवला. पण गंमत अशी की पेटालोनचा ग्रीकमधला अर्थही पानच! पान, किंवा धातूचा पातळ ठोकलेला पत्रा. शब्दाचं मूळ क्रियापद (व्याकरणातला 'धातू') 'पसरणे' या अर्थाचं. म्हणजे एका भाषेतलं पान काढून दुसऱ्या भाषेतलं पान बसवलं, आणि तेवढ्याने काम झालं, कारण शब्द वेगळा ऐकू आला की झालं.

(इथे एक मोह आवरायचा. 'पेटल' आणि आपलं 'पत्र', आवाज सारखा आणि अर्थही पान, मग एकच असणार असं वाटतं. पण भाषाशास्त्रवाले हे दोन धातू वेगळे धरतात. पत्र हे 'पत्' म्हणजे उडणे-पडणे यातलं, त्याचा अर्थ आधी पंख, पीस, मग पान. पेटल पसरण्यातलं. ग्रीकमध्ये पत्रचा खरा भाऊबंद म्हणजे 'प्टेरोन', पंख, तोच जो 'हेलिकॉप्टर' या शब्दाच्या शेपटात बसलाय.)

तर पाकळीला स्वतःचं नाव मिळालं, कॅलिक्सच्या तुकड्याला नाही, आणि नेकरने ती जागा भरली. पेटालुमच्या साच्यात नवा शब्द ओतला, सेपालुम. आता 'सेप' कुठून?

सेपरेटवाल्यांची बाजू आधी मांडतो, कारण ती अगदीच टाकाऊ नाही. लॅटिन 'सेपारातुस' म्हणजे वेगळा केलेला, त्यातलं 'सेपा' आणि पेटालुममधलं 'लुम' जोडलं की सेपालुम होतं, एकही अक्षर वाकवावं लागत नाही. आवाजाच्या हिशोबाने हेच जास्त नीट बसतं हे मान्य करायला हवं. पण अर्थाचं काय? वेगळी पाकळी, पण कशापासून वेगळी? कॅलिक्सचे तुकडे कित्येक फुलांत एकमेकांना जुळलेले असतात, धोतऱ्याचं फूल बघा, त्याचा अख्खा कॅलिक्स म्हणजे एक लांबलचक नळी असते. आणि दोन शब्दांचे तुकडे चिकटवून तिसरा करायचा, स्मोक आणि फॉगचा स्मॉग, ही सवय आपल्या काळात जास्त. १८व्या शतकातला वनस्पतीशास्त्रज्ञ शब्द बनवायला बसला की आधी ग्रीक धातू शोधायचा, ती त्यांची रीतच होती.

ग्रीक 'स्केपे' म्हणजे झाकण, आवरण, आडोसा. अर्थ तर हातमोज्यासारखा बसतो, कारण सेपलचं काम तेच, कळी असताना आतल्या नाजूक गोष्टी झाकून ठेवायच्या. खसखशीच्या फुलात तर काम संपलं की दोन्ही सेपल गळूनच पडतात, फूल उमललं की तुम्हाला ती दिसतही नाहीत. अडचण एकच, स्केपेमधला 'क' गेला कुठे? ज्या डिक्शनऱ्या हे मूळ देतात त्याही 'अनियमित' असा शेरा मारून पुढे जातात.

मला विचाराल तर तो 'क' कुठे गेला याचा अंदाज करणं फार अवघड नाही. ग्रीकमधलं 'स्क' लॅटिन वळणाने लिहिलं आणि पुढे ए-कार आला की फ्रेंच माणूस त्याचा उच्चार नुसता 'स' करतो. ग्रीक 'स्केने' म्हणजे रंगमंचामागचा तंबू, त्याचा फ्रेंचमध्ये 'सेन' झाला आणि इंग्रजीत 'सीन', तोच आपण रोज वापरतो. राजदंडाला ग्रीकमध्ये 'स्केप्ट्रोन', इंग्रजीत 'सेप्टर'. दोन्हीकडे 'क' लिहिण्यात राहिला आणि बोलण्यात मेला. नेकरचं वळण फ्रेंच, त्याने कानाला आलं तसं लिहून टाकलं असेल तर 'स्केपे'चं 'सेप' होणं साहजिक आहे. हा माझा तर्क आहे, पण त्यामुळे मी स्केपेच्या बाजूने मत देतो. सेपरेटवालं हे, माझ्या मते, इंग्रजी बोलणाऱ्या कानाला नंतर सुचलेलं सोपं स्पष्टीकरण आहे.

तुम्ही वर्गात जाऊन 'मी चुकीचं सांगितलं' म्हणायची गरज नाही. दोन मतं आहेत, दोन्ही छापील डिक्शनऱ्यांत आहेत, तुम्हाला कुठलं पटतं आणि का, असा एक तास घ्या, धोतरा आणि खसखशीचे फोटो दाखवा. मुलं भांडतील मस्त.

हो, आणि एक राहिलं. नेकरचा हा शब्द लगेच चालला नाही. त्याने वनस्पतींना नावं द्यायची स्वतःची वेगळीच पद्धत काढली होती, ती कोणी स्वीकारली नाही, त्यात हाही बुडाला असता. पण जिनिव्हाच्या ऑग्युस्तँ पिराम द कँडोलने तो उचलून धरला आणि तो वजनदार माणूस असल्याने बाकीचे मागून आले. इंग्रजीत तो १८२० च्या दशकात दिसायला लागतो. आणि योगायोग असा की ज्या १७९० साली नेकर सेपलसाठी 'पान' सोडून दुसरा शब्द शोधत होता त्याच साली जर्मन कवी ग्योथेने पुस्तिका काढली की फुलाचे सगळे भाग म्हणजे शेवटी बदललेली पानंच आहेत. एकाने नावातून पान काढलं, दुसऱ्याने परत आत घातलं.

आता 'निदल'. संस्कृतमध्ये 'दल' म्हणजे पानही आणि पाकळीही, धातू 'दल्' म्हणजे फुटणे, चिरणे, त्यातून निघालेला तुकडा तो दल. (आपलं 'दळणं' पण त्याच धातूचं.) 'नि' हा उपसर्ग इथे 'खाली' या अर्थाने घ्यायचा, जसा निपात म्हणजे खाली पडणं, तर निदल म्हणजे दलाच्या खालचं. मुलं हमखास 'दल नसलेलं' असा अर्थ लावतात पण मग तो 'निर्दल' झाला असता. विश्वकोशात मात्र पेटलला 'प्रदल' आणि सेपलला 'संदल' आहे, आणि खरं सांगायचं तर झाकण्याचा अर्थ या दोन्ही मराठी शब्दांत नाही. तो गेलाय तिसऱ्याच ठिकाणी. फुलाच्या खाली जे ब्रॅक्ट असतं, बोगनवेलीत ज्याला आपण पाकळ्या समजतो ते रंगीत कागद, त्याला विश्वकोशात 'छद' म्हणतात, आणि 'छद्' म्हणजे झाकणे. म्हणजे नेकरच्या स्केपेचं भाषांतर आपल्याकडे आहे, फक्त शेजाऱ्याच्या घरी. आणि ब्रॅक्ट या शब्दाचा मूळ लॅटिन अर्थ? धातूचा पातळ पत्रा. पेटालोनसारखाच!

प्रश्न : मुलाच्या अकरावीच्या पुस्तकात लिलीच्या फुलाला 'टेपल' असतात असं वाचलं. ही पेटलची छपाईतली चूक आहे का? मुलगा म्हणतो बरोबर आहे.

उत्तर : मुलगा बरोबर आहे, पण तुम्हाला चूक वाटली तेही बरोबर, कारण ती जाणूनबुजून केलेली अक्षरांची अदलाबदल आहे. वर ज्या द कँडोलचं नाव आलं त्याचीच ही करामत, साल १८२७. अडचण अशी होती की लिली, ट्यूलिप अशा फुलांत बाहेरची तीन आणि आतली तीन अशी सहा दलं असतात पण सगळी सारखीच दिसतात, सारखीच रंगीत, मग सेपल कुणाला म्हणायचं आणि पेटल कुणाला? दोन्हीचं एकच नाव हवं. त्याने ग्रीक कोश उघडलाच नाही, पेटलमधली 'प' आणि 'ट' ही अक्षरं आपापसात बदलली, टेपल तयार. अर्थ काहीच नाही. ग्रीक-लॅटिनमध्ये कितीही शोधा, सापडणार नाही.

हा माणूस आळशी होता असं मात्र समजू नका, 'टॅक्सॉनॉमी' (सजीवांच्या वर्गीकरणाचं शास्त्र) हा शब्द यानेच १८१३ साली बनवलाय आणि तो व्यवस्थित ग्रीक मुळांवरून. पण अक्षरं उलटसुलट करायची खोड त्या काळातल्या बऱ्याच जणांना होती. आंरी कासिनी या फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञाने तर कमाल केली, 'फिलागो' नावाच्या एका गवतफुलासारख्या वंशाचे त्याने तुकडे पाडले आणि नवीन वंशांना नावं दिली इफ्लोगा, लोगफिया, गिफोला. रोमन लिपीत लिहून बघा, सगळी फिलागोचीच सहा अक्षरं आहेत. यातली काही नावं आजही वापरात आहेत.

मराठीत टेपलला 'परिदल' म्हणतात, परि म्हणजे सभोवती. हे भाषांतर नाही, टेपलचं भाषांतर करणार कसं, पण माझ्या मते मूळ शब्दापेक्षा जास्त शहाणा शब्द आहे.

प्रश्न : स्टॅमेन म्हणजे पुंकेसर आणि धावायला लागतो तो स्टॅमिना, यांचा काही संबंध आहे का की नुसताच योगायोग? आमच्या रनिंग ग्रुपमध्ये यावर पैज लागलीये.

उत्तर : संबंध म्हणजे काय, एकच शब्द आहे हो! स्टॅमेन एकवचन, स्टॅमिना त्याचं अनेकवचन. संबंध आहे म्हणणाऱ्याने पैज जिंकली.

लॅटिनमध्ये स्टॅमेन म्हणजे मागावरचा ताणा, उभे धागे. जुने माग उभे असायचे, वरून धागे खाली सोडलेले, म्हणून 'उभं राहणे' या धातूवरून ते नाव. फुलात मधोमध उभे बारीक तंतू दिसतात त्यांना रोमन लेखक प्लिनीनेच लिलीच्या वर्णनात हे नाव वापरलं होतं. नंतरच्या वनस्पतीशास्त्रज्ञांनी तेच घेतलं.

आणि स्टॅमिना? रोमन लोकांच्या कल्पनेत तीन देवता माणसाच्या आयुष्याचा धागा कातत बसलेल्या असायच्या, ज्याचा धागा जितका लांब आणि चिवट तितका तो जगणार. ते आयुष्याचे धागे म्हणजे स्टॅमिना, त्यावरून इंग्रजीत अर्थ झाला अंगातला टिकाव, दम. हळूहळू ते अनेकवचन आहे हेच लोक विसरले.

पण खरी मजा पुढे आहे, ती तुमच्या ग्रुपमध्ये नक्की सांगा. या स्टॅमेनचा संस्कृतमधला सख्खा भाऊ म्हणजे 'स्थामन्', धातू 'स्था', उभं राहणे. आणि संस्कृतमध्ये स्थामन्‌चा एक अर्थ आहे बळ, ताकद! लॅटिनमध्ये धाग्यावरून ताकदीपर्यंत जायला एवढा वळसा पडला, इथे ती आधीच येऊन बसलेली. हा शब्द मराठीत सुटा कोणी वापरत नाही पण एका नावात रोज ऐकता, अश्वत्थामा. अश्व अधिक स्थामन्, घोड्याचं बळ असलेला. महाभारतात कथा जरा वेगळी येते, की जन्मल्या जन्मल्या तो घोड्यासारखा खिंकाळला म्हणून हे नाव पडलं, पण शब्दाची फोड तीच. म्हणजे जास्वंदीच्या फुलातला तुरा, तुमची सकाळची धाव आणि द्रोणाचार्यांचा मुलगा, तिघांचं मूळ एक.

प्रश्न : आमचे संस्कृतचे सर सांगायचे की किंजल्क म्हणजे कमळातले केसर. पण विश्वकोशात किंजल्क हा स्त्रीकेसराच्या टोकाचा भाग, स्टिग्मा, असा दिलाय. सर चुकले की विश्वकोश?

उत्तर : कोणीच नाही. सर जुन्या अर्थाने बोलत होते आणि विश्वकोश परिभाषेच्या अर्थाने. अमरकोशात किंजल्क आणि केसर हे शब्द शेजारी शेजारी, एकाच अर्थाचे म्हणून दिलेत. त्या काळी नर भाग आणि मादी भाग असं कोणी वेगळं करत नव्हतं, कमळात मधे जे तंतूतंतू दिसतं ते सगळं केसर किंवा किंजल्क.

मग आधुनिक वनस्पतीशास्त्र मराठीत आणायची वेळ आली. नर भागाला शब्द हवा, मादी भागाला हवा, आणि हाताशी एकाच अर्थाचे दोन शब्द. परिभाषेत त्यांची वाटणी झालेली दिसते, केसर नराकडे, किंजल्क मादीकडे. आणि मग किंजल्क हा शब्द सोलून त्याचं अख्खं कुटुंब उभं केलं, किंज, किंजदल, किंजपुट, किंजल, किंजल्क. संस्कृतमध्ये या शब्दाची अशी उतरंड कधीच नव्हती पण काम फार सफाईने झालंय, एकदा 'किंज' कळलं की बाकी सगळे शब्द मादी भागाचे हे आपोआप कळतं. इंग्रजीत याच पाच भागांना, याच क्रमाने, पिस्टिल, कार्पेल, ओव्हरी, स्टाइल, स्टिग्मा, पाच शब्दांचे पाच चेहरे, कोणाचा कोणाशी पत्ता नाही.

शाळेच्या पुस्तकातला 'कुक्षी' मात्र मला कधीच पटला नाही. स्टिग्मा म्हणजे ग्रीकमध्ये टोचल्याची किंवा डागल्याची खूण, तो भाग असतो सगळ्यात वर, टोकाला. आणि संस्कृतमध्ये कुक्षी म्हणजे पोट! डोक्याच्या जागी पोट. हिंदीवाल्यांनी 'वर्तिकाग्र' केलंय, वातीचं टोक, तो शब्द ऐकला की डोळ्यासमोर बरोबर तीच जागा येते.

प्रश्न : पिस्टिल आणि पिस्तूल?

उत्तर : नाही. (एवढाच प्रश्न पाठवल्याबद्दल आभार, जागा वाचली.) पिस्तूल पोर्तुगीजांकडून मराठीत आलं. पिस्टिल आहे लॅटिन 'पिस्टिलुम' म्हणजे छोटं मुसळ किंवा बत्ता, फुलातल्या मादी भागाचा आकार खाली फुगीर आणि वर दांडी असा असतो म्हणून. त्याचा मूळ धातू कुटणे-भरडणे या अर्थाचा आणि संस्कृतमध्ये त्याचाच जुळा 'पिष्', त्यावरून पिष्ट, त्यावरून आपलं पीठ. आणि लगेच पुढचा प्रश्न येणार म्हणून सांगून ठेवतो, 'पोलन' म्हणजे लॅटिनमध्ये शब्दशः बारीक पीठच, पण आपल्या 'पीठ' या शब्दाचं नातं पोलनशी नाही, मुसळवाल्या पिस्टिलशी आहे.